मुंबई, व्हाया दिल्ली

कोल्हापूरहून मुंबईला जायचे तीन सरळ मार्ग आहेत. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये रात्रभर झोपायचं, ट्रॅव्हल्सच्या गाडीत झोपायचा प्रयत्न करायचा, नाहीतर उजळाईवाडीला जाऊन विमानात बसायचं आणि डोळा लागायच्या आत उतरायचं. मी गेल्या डिसेंबरात चौथा मार्ग काढला. गाडीने पुणे, पुण्याहून विमानाने दिल्ली, दिल्लीहून मुंबई. येतानाही तसंच, उलट्या क्रमाने.

कारण एकच, गोल्ड कार्ड. म्हणजे सतत उडणाऱ्या गिऱ्हाइकाला विमान कंपनी देते ते मानाचं कार्ड. ज्या कंपनीचं हे कार्ड, तिचं विमान उजळाईवाडीला उतरत नाही. राजाराम महाराजांनी १९३९ साली गावाला विमानतळ दिला, पण पुढे माझ्यासारख्याची सोय लावायची राहून गेली. वर्ष संपत आलं होतं आणि गोल्डला थोडेच सेक्टर कमी पडत होते. सेक्टर म्हणजे एकदा उडून एकदा उतरणं. पुणे-मुंबई व्हाया दिल्ली केलं तर तेवढ्याच कामात दुप्पट सेक्टर. शिरोलीत फाउंड्री चालवणाऱ्या माणसाला एवढा हिशेब तोंडपाठ येतो.

विमान कंपन्यांनी ही चटक लावली ती अमेरिकेत. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात मैल मोजायची योजना काढली आणि शहाणी माणसं कामाशिवाय उडायला लागली. याला ते लोक ‘मायलेज रन’ म्हणतात. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स या इंजिनिअरने तर मैलांच्या ऑफरपायी पुडिंगचे बारा हजारांवर डबे विकत घेतले आणि बारा लाखांवर मैल कमावले. हे वाचल्यापासून मी घरात ताठ मानेने वावरतो. आमच्या घरात अजून एकही पुडिंग आलेलं नाही.

खरा घाम फुटतो तो बुकिंगला. राजारामपुरीतल्या आमच्या एजंटने आधीच हात वर केले होते. “सायेब, मुंबईला डायरेक्ट हाय की! दिल्लीला कुणाचं लगीन हाय काय?” त्यामुळे मीच कॉम्प्युटरपुढे बसलो. ‘मल्टी-सिटी’ उघडायचं, एकेक टप्पा भरायचा. स्वस्त तिकीट दिसलं की हुरळायचं नाही, आधी त्यावरचं इंग्रजी अक्षर बघायचं. भाड्याच्या वर्गाचं ते अक्षर हलकं निघालं, तर विमानात बसायला मिळतं पण खात्यात चाराणेही पडत नाहीत. सगळे टप्पे एकाच पीएनआरवर हवेत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसरी कंपनी “तुम्ही आलाच नाहीत” म्हणून मोकळी. आणि मधला एक टप्पा गाळला, तर पुढचे सगळे आपोआप रद्द.

हे सगळं जुळवून पैसे भरायला गेलो. ओटीपी बायकोच्या मोबाईलवर. ती महाद्वार रोडला.

“अगं, सहा आकडे आलेत बघ, पटकन सांग.”

“थांबा, चष्मा पर्समध्ये आहे.” मागे साडीवाल्याचा आवाज. मग शांतता. “अहो, एवढी रक्कम? मुंबईलाच चाललाय ना?”

“आकडे सांग आधी!”

“चार... नऊ... हे सात आहे की एक?”

स्क्रीनवर पाटी आली, आपला वेळ संपला आहे. पुन्हा सगळं भरेपर्यंत भाडं वाढलं होतं. बायको घरी आली तेव्हा हातात साडीची पिशवी होती. तिने किंमत सांगितली नाही आणि मीही विचारली नाही.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दिल्ली मी पाहिली म्हणजे सरकता पट्टा पाहिला. उतरण्याआधी धुक्यात गिरक्या घातल्या, त्या मात्र फुकट. गिरक्यांना सेक्टर धरत नाहीत, मी हवाईसुंदरीला विचारून घेतलं. मुंबईत गिऱ्हाइकाने चहा पुढे सारत विचारलं, “कोल्हापूरहून ना? प्रवास कसा झाला?”

“बरा झाला. दिल्लीत जरा धुकं होतं.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. ऑर्डर मात्र दिली, बहुधा लवकर घालवण्यासाठी.

जानेवारीत मी गोल्ड झालो. आमच्याकडे पंक्तीत पांढरा रस्सा आधी कुणाच्या वाटीत पडला यावरून भाऊबंदकी होते, तेव्हा वेगळ्या रांगेचं अप्रूप आम्हाला शिकवावं लागत नाही. लाउंज, जादा सामान हे सगळं ठीक, पण सर्वांदेखत वेगळ्या रांगेतून पुढे जायचं हा मान. पुढच्याच खेपेला पुण्याच्या विमानतळावर बॅगेला गोल्डचा टॅग लटकवून मी त्या खास रांगेकडे वळलो. रांग पार खांबापर्यंत गेली होती. सगळ्यांच्या बॅगांना तोच टॅग. शेजारची साधी रांग बघता बघता सरकत होती. एक आजी नातवाला घेऊन आमच्या डोळ्यांदेखत काउंटर ओलांडून गेल्या.

एवढ्यात मागून एक गृहस्थ आले. कर्मचाऱ्याने लगबगीने आमच्या पुढचा पट्टा काढून त्यांना थेट आत घेतलं.

“हे कोण हो?” मी पुढच्याला विचारलं.

“प्लॅटिनम,” तो दातओठ खात म्हणाला.

मी तिथूनच घरी फोन लावला. “अगं, आज संध्याकाळी कुठं जाऊ नकोस. आणि चष्मा जवळ ठेव.”