निसानने आधी एक्सटेरा नीट बांधावी, बाकीचे मग

निसानच्या अडचणींची चर्चा निघाली की ती विजेच्या गाड्या, चीनमधली घसरण आणि होंडाबरोबर फिसकटलेले विलीनीकरण यांच्याभोवतीच फिरते. ते साहजिकही आहे. मार्च 2025 मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीला सुमारे 67,000 कोटी येनचा निव्वळ तोटा झाला. नवे मुख्याधिकारी इव्हान एस्पिनोसा यांनी मे महिन्यात 20,000 नोकऱ्या कमी करण्याची आणि कारखाने 17 वरून 10 वर आणण्याची योजना मांडली, आणि वर्ष सरण्याआधी योकोहामातले मुख्यालय विकून त्याच इमारतीत भाडेकरू म्हणून राहण्याची वेळ कंपनीवर आली. एवढ्या पडझडीत ऑफ-रोड, म्हणजे कच्च्या आणि खडकाळ वाटांवर चालणाऱ्या, गाड्यांचा विषय कुणाला किरकोळ वाटेल, पण मला तो मुळीच किरकोळ वाटत नाही. ज्या मोजक्या बाबतींत निसानचे नाव टोयोटाच्या बरोबरीने घेतले जात असे, त्यांतली ही एक होती. पॅट्रोल ही निसानची मोठी ऑफ-रोड गाडी, पहिली 1951 सालची. तिच्याच एका पिढीच्या आराखड्यावरून जबलपूरच्या कारखान्यात भारतीय लष्करासाठी जोंगा तयार होत असे. आखाती देशांच्या वाळूत आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात पॅट्रोलने मिळवलेली पत अजूनही पूर्णपणे पुसली गेलेली नाही.

या संदर्भात 1999 हे वर्ष आठवण्यासारखे आहे. तेव्हाही निसान गळ्यापर्यंत बुडालेली होती. डोक्यावर सुमारे 2 लाख कोटी येनचे कर्ज होते, मार्चमध्ये फ्रान्सच्या रेनोशी करार झाला आणि ऑक्टोबरमध्ये रेनोकडून आलेल्या कार्लोस घोन यांनी पुनरुज्जीवन योजना जाहीर केली. त्याच वर्षी अमेरिकेत एक्सटेरा ही निसानची ऑफ-रोड गाडी बाजारात आली. तिचे श्रेय घोन यांच्याकडे जात नाही, कारण तिचे काम त्यांच्या येण्याआधीच झालेले होते. फ्रंटियर पिकअपची चासी आणि तिचीच इंजिने घेऊन, म्हणजे हाताशी असलेल्या सामानातूनच ही गाडी उभी केली होती आणि तिची किंमत 20,000 डॉलरच्या आतून सुरू होत होती. छतावर सामानाची जाळी होती, मागच्या प्रवाशांना पुढचे दिसावे म्हणून मागे छत उंचावलेले होते आणि मागच्या दरवाजाला जो फुगवटा होता त्याच्या आतल्या बाजूला प्रथमोपचाराची पेटी बसवलेली होती. पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे खर्च करायचा, हे ती बनवणाऱ्यांना अचूक कळले होते. 2005 मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत 4 लिटरचे व्ही-6 इंजिन, सहा गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि वरच्या आवृत्तीत मागच्या अॅक्सलला लॉक, म्हणजे दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय, आला. 2015 नंतर निसानने ती बंद केली. फोर्डने ब्रोंको परत आणली आणि या वर्गातल्या गाड्यांना पुन्हा भर आला, तेव्हा निसानकडे दाखवायला काहीच नव्हते.

मधल्या काळात त्या जागी काय आले? निसानच्या पाथफाइंडर एसयूव्हीची 2012 मध्ये आलेली पिढी लॅडर फ्रेम (शिडीसारखी वेगळी पोलादी चौकट) सोडून मोनोकॉक बांधणीवर (चौकट आणि बॉडी एकच) गेली. कुटुंबाला घेऊन लांबचा प्रवास करायला ती चांगली गाडी आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘रॉक क्रीक’ नावाच्या आवृत्त्यांबद्दल. जाड दातांचे टायर, छतावर रॅक, अर्ध्या इंचाहून थोडी जास्त उंची आणि वेगळी रंगसंगती एवढ्या भांडवलावर पाथफाइंडरला डोंगरी गाडी म्हणून उभे केले जाते. तिला लो रेंज, म्हणजे संथ गतीत जास्त जोर देणारी जादा गिअर-व्यवस्था, नाही. रोग या त्याहून लहान गाडीलाही हेच नाव चिकटवलेले आहे आणि लो रेंज तिलाही नाही.

लो रेंज आणि डिफरन्शियल लॉक (अॅक्सलचा तोच लॉक) यांच्यावर मी एवढा का अडून बसतो, ते सांगायला हवे. खडकाळ वाटेवर गाडी तिरकी चढत असते, तेव्हा पुढचे एक चाक आणि त्याच्या विरुद्ध बाजूचे मागचे चाक एकाच वेळी जमीन सोडते. साध्या डिफरन्शियलमधून, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या भागातून, अॅक्सलच्या दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो आणि तो ठरतो कमी पकड असलेल्या चाकावरून. त्यामुळे हवेतले चाक गरगर फिरत राहते आणि जमिनीवरचे चाक जागचे हलत नाही. ब्रेकच्या मदतीने हवेतले चाक आवरणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आता बहुतेक गाड्यांत असते, पण तिला आधी चाक घसरावे लागते आणि मग ते पकडावे लागते. निसरड्या चढावर त्या मधल्या क्षणात गाडी मागे किंवा बाजूला सरकते. लॉक लावला की दोन्ही चाके एकत्रच फिरतात आणि चालकाला पाऊल हलके ठेवून इंच इंच पुढे जाता येते. उतारावर लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. हे दोन्ही नसलेल्या गाडीवर डोंगराचे चित्र चिकटवून ती विकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. म्हणून माझी पहिली मागणी अशी की ज्या गाडीला लो रेंज नाही, तिला निसानने ऑफ-रोड म्हणून विकू नये. पाथफाइंडर आणि रोग यांच्या रॉक क्रीक आवृत्त्या बंद कराव्यात आणि निसानच्या ऑफ-रोड आवृत्त्यांचे प्रो-4एक्स हे नाव फक्त लॅडर फ्रेमच्या गाड्यांपुरते राखावे.

दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. टोयोटाने लँड क्रूझर 300 आणि 250, फोर रनर, टॅकोमा, टुंड्रा, सिक्वोया आणि लेक्ससच्या दोन मोठ्या गाड्या एकाच लॅडर फ्रेम कुळातून घडवल्या. निसानचा याबाबतीतला कारभार विस्कळीत आहे. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या कँटनला बनणारी फ्रंटियर एका वंशाची, आशियात चालत आलेली नवारा पिकअप दुसऱ्या वंशाची, ऑस्ट्रेलियासाठीची नवी नवारा मित्सुबिशीच्या ट्रायटन पिकअपवर बेतलेली, चीनमधली फ्रंटियर प्रो तिथल्या भागीदाराबरोबर केलेली आणि पॅट्रोलची चौकट आणखी वेगळी. भरीस भर म्हणजे आखाती देशांत एक्स-टेरा या नावाने नवाराच्या कुळातली एक निराळीच गाडी विकली गेली. ज्या कंपनीला कारखाने बंद करावे लागत आहेत, तिला हा पसारा परवडणारा नाही. मोठ्या गाड्यांसाठी पॅट्रोलची चौकट आणि मध्यम गाड्यांसाठी कँटनमधली एक नवी चौकट, एवढ्यावरच निसानने स्वतःचा पैसा घालावा. उरलेल्या बाजारांत मित्सुबिशीची पिकअप निसानच्या नावाने विकली जात असेल तर ती खुशाल विकावी. पिकअप घेणाऱ्या शेतकऱ्याला किंवा ठेकेदाराला त्यात वावगे वाटणार नाही, आणि वाचलेला पैसा योग्य जागी लागेल.

ती योग्य जागा म्हणजे एक्सटेरा. ती परत आणण्याचा मनोदय कंपनीने उघडपणे बोलून दाखवला आहे. अमेरिका खंडांची जबाबदारी आता क्रिस्तियान म्यूनिए यांच्याकडे आहे आणि त्यांनी यापूर्वी जीपचा जागतिक कारभार सांभाळलेला आहे. त्यामुळे रँग्लरचा ग्राहक गाडीत काय शोधतो हे त्यांना कुणी शिकवायला नको. मला भीती वाटते ती त्याच अनुभवाची. रँग्लर आणि ब्रोंको यांचे दरवाजे काढता येतात, छत उतरवता येते, आणि त्यांच्या वरच्या आवृत्त्यांची किंमत सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेलेली आहे. निसानने त्या वाटेला जाऊ नये. काढता येणारे छत म्हणजे वेगळी बांधणी, पाणी आत येऊ नये म्हणून वेगळी खटपट आणि प्रत्येक गाडीमागे वाढीव खर्च. एक्सटेराचा ग्राहक तंबू, सायकली आणि ओले बूट घेऊन जाणारा माणूस होता आणि त्याला पक्के छत आणि त्यावर भक्कम रॅक हवा होता.

टोयोटाची नवी फोर रनर 40,000 डॉलरच्या पुढूनच सुरू होते. फ्रंटियर आजही 32,000 डॉलरच्या आसपास सुरू होते. या दोहोंच्या मधल्या जागेत, दोन रांगांची, फोर-व्हील ड्राइव्ह असलेली एक्सटेरा बसली पाहिजे. तिसरी रांग नको, कारण तिच्यासाठी मागचा भाग लांबवावा लागतो आणि मग चढावरून उतरताना बंपर घासतो. इंजिन फ्रंटियरचेच 3.8 लिटरचे, 310 अश्वशक्तीचे, टर्बो नसलेले व्ही-6 घ्यावे. ते टेनेसीमध्ये बनते आणि त्याचा खर्च आधीच झालेला आहे. टर्बोचे युग आले आहे हे मान्य, पण वस्तीपासून दूर गाडी घेऊन जाणाऱ्या माणसाला कमी नळ्या आणि कमी उष्णता असलेल्या इंजिनाचा दिलासा मोठा असतो. मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी मात्र मी हट्ट धरणार नाही. मला स्वतःला तो प्रिय आहे, पण थोड्या ग्राहकांसाठी त्याच्या वेगळ्या चाचण्या आणि मंजुऱ्या घेण्याइतके पैसे निसानकडे आज नाहीत, आणि ते पैसे मागच्या अॅक्सलच्या लॉकवर खर्च व्हावेत असे मला वाटते. हा लॉक सर्वांत महागड्या आवृत्तीत कोंडून न ठेवता फोर-व्हील ड्राइव्हच्या स्वस्त आवृत्तीतही घेता आला पाहिजे.

हायब्रिडचा प्रश्न येणारच. निसानच्या ई-पॉवर पद्धतीत इंजिन फक्त वीज तयार करते आणि चाके मोटरने फिरतात. मोटरला शून्यापासून पूर्ण जोर मिळत असल्यामुळे खडकांवर संथ चढण्यासाठी ही कल्पना आकर्षक आहे. पण जड ट्रेलर ओढत लांबच्या घाटात तासन् तास चढताना अशा पद्धतीची कसोटी लागते, आणि पाण्यातून, चिखलातून जाणाऱ्या गाडीत ती टिकते हे आधी सिद्ध करावे लागेल. हायब्रिड जरूर आणावी, चौकट आखतानाच बॅटरीची जागा राखून ठेवावी, पण तिच्यासाठी साधी व्ही-6 गाडी अडवून ठेवू नये.

आणखी एक बारीक वाटणारी पण मोठी गोष्ट अशी की हे ग्राहक गाडी घेतल्यावर ती बदलतात. बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी चरखी), दिवे, स्प्रिंग, खालच्या संरक्षक पट्ट्या हे सगळे ते स्वतःच्या पैशाने बसवतात. आजकाल बंपरमध्ये रडार आणि सेन्सर असतात, त्यामुळे बाहेरचा बंपर लावला की सुरक्षा यंत्रणा बिघडते. सेन्सर बंपरऐवजी चासीच्या पक्क्या भागावर बसवणे, चासीवर ओढण्याचे हूक आणि विंचसाठी जागा कारखान्यातच करून देणे, जादा दिव्यांसाठी तयार वायरिंग सोडणे आणि सगळी मापे सुटे भाग बनवणाऱ्यांना विक्रीच्या आधीच देणे, यांपैकी कशालाच फार पैसा लागत नाही.

पॅट्रोलबद्दल थोडक्यात लिहितो. 2024 मध्ये आलेली नवी पिढी 425 अश्वशक्तीच्या ट्विन-टर्बो व्ही-6 सह उत्तम गाडी आहे आणि अमेरिकेत ती आर्माडा म्हणून विकली जाते. जपानमधल्या क्यूशूमध्ये बनत असल्यामुळे तिथे तिच्यावर आयात शुल्काचा बोजा पडतो, म्हणून अमेरिकेत तिच्या खपाचा फार आग्रह धरू नये. आखात आणि ऑस्ट्रेलिया हेच तिचे खरे घर आहे. तिथे चामडी आसने आणि मोठे पडदे असलेल्या आवृत्त्या पुष्कळ झाल्या. आता पोलादी चाके, कापडी आसने, धुता येणारी जमीन आणि हवेच्या सस्पेन्शनऐवजी साध्या स्प्रिंग असलेली कामाची पॅट्रोल हवी. टोयोटाची लँड क्रूझर 70 मालिका 1984 पासून आजतागायत विकली जाते, ती याच साधेपणाच्या बळावर.

यानंतरही एक अडथळा उरतो आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. ऑफ-रोड गाडी घेणारा माणूस ती दहा-पंधरा वर्षांसाठी घेतो आणि निसानचा गिअरबॉक्स म्हटले की तो कचरतो. 2005 ते 2010 च्या एक्सटेरा, पाथफाइंडर आणि फ्रंटियरमध्ये रेडिएटरच्या आतला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल थंड करणारा भाग फुटत असे. मग कूलंट तेलात मिसळून गुलाबी फेसाळ द्रव तयार होई आणि एका रेडिएटरच्या दोषापायी अख्खा गिअरबॉक्स निकामी होई. हे प्रकरण न्यायालयात गेले. सीव्हीटीच्या (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) बाबतीत 2009 मध्ये अनेक मॉडेलांची वॉरंटी 10 वर्षे किंवा 1,20,000 मैलांपर्यंत वाढवावी लागली. 2022 च्या पाथफाइंडरमध्ये सीव्हीटी काढून नऊ गिअरांचा साधा ऑटोमॅटिक बसवला, हे योग्यच झाले, पण लोकांच्या मनातून जुनी गोष्ट जाहिरातींनी जात नाही. अमेरिकेत निसानची इंजिन-गिअरबॉक्सची नेहमीची हमी 5 वर्षे किंवा 60,000 मैलांची आहे. ह्युंदाईचे नाव तिथे खराब झाले होते तेव्हा त्या कंपनीने 1990 च्या दशकाच्या अखेरीस 10 वर्षे किंवा 1,00,000 मैलांची हमी दिली आणि ती पाळली. एक्सटेरा, फ्रंटियर आणि आर्माडा या तीन गाड्यांना निसानने तीच हमी द्यावी. गाडी दुसऱ्या मालकाकडे गेली तरी ती चालू राहावी आणि कच्च्या रस्त्यावर गाडी नेली म्हणून ती नाकारली जाणार नाही, असे कागदावर स्पष्ट लिहिलेले असावे. एक्सटेरावरून पडदा सरकेल त्या दिवशी, किमतीच्याही आधी, ही हमी जाहीर व्हायला हवी.