कसलं डोंबलाचं ओव्हरहॉल, म्हणे सगळं खोलून दुरुस्ती!
जुन्या ट्रकचं पॉवर स्टेअरिंग गळायला लागलं की प्रत्येक गॅरेजात एकच मंत्र: "शेठ, सील गेलंय." अरे बाबा, तेल अडवणारं ते रबरी कडं गेलंय हे मलाही दिसतंय, खाली तेलाचं थारोळं झालंय! पण का गेलं, हे बघशील की नाही? शाफ्टवर सील बसतं तिथंच चर पडलाय, चक्क नखाला लागतोय. त्यावर कितीही महागडं सील चढव, ते कापलंच जाणार. ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा, आणि वर तेच काळं ऑइल फडक्यातून गाळून परत ओततात! मग पंप कण्हायला लागतो. त्यावर मेकॅनिक म्हणतो, "एअर आहे, निघेल आपोआप." बरं.

स्टेअरिंगला प्ले आला, म्हणजे चाकं न वळता ते नुसतंच हलायला लागलं, की स्टेअरिंग बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळायचा, झालं काम. बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे, म्हणजे ड्रॅग लिंकचे, बॉल जॉइंट खिळखिळे, पुढचं चाक जिच्यावर वळतं ती किंगपिन झिजलेली, पण तिकडे वाकून बघायचं कुणी? स्क्रू जादा आवळला की वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून सरळच होत नाही. कशेडी घाटात भरलेली गाडी प्रत्येक वळणाला ओढून सरळ करा, खांदे जातात ड्रायव्हरचे. आणि बिलावर काय लिहितात? "स्टेअरिंग ओव्हरहॉल"!