मतपत्रिकेला भोक पाडण्यापूर्वी

आपल्या राज्यातील निवडणुकीचा निकाल मतदारांच्या हाती राहू नये अशी आपली प्रामाणिक इच्छा असेल, तर वाचकहो, आपण २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतील फ्लोरिडाचा कित्ता गिरवावा.

आरंभ सद्हेतूनेच करावा. पाम बीच काउंटीत वृद्ध मतदारांना वाचणे सोपे जावे म्हणून अक्षरे मोठी केली गेली, त्यामुळे नावे समोरासमोरच्या दोन पानांवर गेली आणि मत देण्यासाठी पाडायची भोके मधोमध आली. डावीकडे डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार अल गोर यांचे नाव दुसरे होते, पण त्यांचे भोक तिसरे होते. दुसरे भोक उजवीकडच्या रिफॉर्म पक्षाच्या पॅट ब्युकॅनन यांचे होते. ब्युकॅनन यांना तेथे ३,४०७ मते मिळाली, आणि यांतील बरीच मते आपली नसावीत हे त्यांनी स्वतःच मान्य केले. एवढा सरळपणा आपल्या उमेदवाराने दाखवू नये. शिवाय १९,००० हून अधिक मतपत्रिकांवर एकापेक्षा जास्त भोके पडल्याने त्या बाद झाल्या, तेवढीच मोजणाऱ्यांची सोय.

पुढे भोकातून नीट न सुटलेल्या कागदी कपट्यांचे वर्गीकरण करावे: लोंबकळणारा, खळी पडलेला, आणि (हा शब्द माझा नव्हे) गर्भार. मतपत्रिका दिव्यासमोर धरून मतदाराच्या मनात काय होते ते डोळे बारीक करून ओळखावे. आपल्याकडे हे काम ज्योतिषी करतात.

अधिकारी निवडताना नात्याची लाज बाळगू नये. विजयी उमेदवार जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचा भाऊ राज्याचा गव्हर्नर असावा, आणि निकाल प्रमाणित करणाऱ्या कॅथरीन हॅरिस त्याच उमेदवाराच्या राज्यातील प्रचाराच्या सहअध्यक्ष असाव्यात. आपल्याकडे याला घराणेशाही म्हणतात. तेथे योगायोग म्हणावे.

सुमारे ६० लाख मतांत ५३७ चे मताधिक्य पुरेसे आहे, कारण देशभरात प्रतिस्पर्धी गोर यांना पाच लाखांहून जास्त मते अधिक मिळाली तरी अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची या राज्याची तेव्हाची २५ मते घाऊकच मिळाली. मात्र फेरमोजणी वेळीच आवरावी. सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबरला ती थांबवली आणि १२ डिसेंबरला पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, मोजणीचे निकष सर्वत्र सारखे नाहीत व ते सारखे करण्यास आता वेळ उरलेला नाही. या निर्णयातील विचार केवळ प्रस्तुत परिस्थितीपुरता मर्यादित असल्याचेही त्यातच नमूद केले गेले. आपणही ते वाक्य विसरू नये, नाहीतर पुढच्या निवडणुकीत हरलेला कोणी तोच निकाल घेऊन आपल्या दारात उभा राहील.