पाजायची निवळी नव्हे, भरवायचा भात
‘६ महिने पूर्ण झाल्यावर पहिला महिनाभर बाळाला केवळ वरणाचे किंवा भाताचे पाणी द्यावे’ हा लेखातील सल्ला मला मुळीच पटला नाही. बाळाचे जठर एवढेसे असते. ते पाण्यानेच भरले तर दूधही कमी प्यायले जाते, आणि जन्मतः मिळालेला लोहाचा साठा नेमका याच सुमारास संपत आलेला असल्यामुळे त्याला खरी गरज दाट, सकस अन्नाची असते.

माझ्या मुलीच्या वेळी आम्हीही आठव्या महिन्यापर्यंत वरची निवळीच पाजत राहिलो आणि तिचे वजन जवळजवळ जागच्या जागी थांबले. अखेर अंगणवाडीच्या ताईंनी चमचा तिरपा करून दाखवला: अन्न चटकन ओघळले तर ते पातळ, चमच्याला धरून राहिले तर योग्य. त्या दिवसापासून मुगाची डाळ घातलेला मऊ भात बोटांनी कुस्करून, त्यावर अर्धा चमचा साजूक तूप घालून आम्ही दिवसातून दोनदा, पुढे तीनदा भरवू लागलो, काही दिवसांनी पूर्ण उकडलेले अंडेही दिले, आणि दीड महिन्यात वजन पुन्हा वाढू लागले. वर्षाच्या आत मध चाटवू नये, हे मात्र लेखात स्पष्ट लिहिले ते फार बरे झाले.