खुलासा : ‘रसदवाला ब्रिगेडियरच्या वर जात नाही’ हे खोटं

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत मेसेज फिरतोय : ‘आर्मी सर्व्हिस कोरचा अधिकारी फार तर ब्रिगेडियर होतो आणि आयुष्यभर गोदामात बसतो.’ दोन्ही चूक.

लष्कराला रसद आणि वाहतूक पुरवणाऱ्या या कोरचे प्रमुख, म्हणजे महासंचालक (पुरवठा व वाहतूक), लेफ्टनंट जनरल असतात, ब्रिगेडियरच्या दोन पायऱ्या वर. लष्करप्रमुख मात्र या कोरमधून आजवर झालेला नाही, हे खरं. प्रशिक्षण पायदळाच्या अधिकाऱ्यांसोबतच होतं, कोर नंतर मिळते.

आणि गोदाम? हिवाळ्यात श्रीनगर-लेह रस्त्यावरची झोजिला खिंड बर्फाने बंद होण्याआधी लडाखमधल्या जवानांचं धान्य, रॉकेल, डिझेल वर पोहोचवावं लागतं. जिथे ट्रक थांबतो, तिथून पुढे याच कोरची खेचरं चढतात. निवृत्तीनंतर आपल्या ठाण्यात राहणाऱ्या अधिकाऱ्यांना असा मेसेज वाचावा लागतो, याचं मला फार वाईट वाटतं. कृपया तो पुढे पाठवू नका.