सिन्नर, विड्या आणि समृद्धी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

सिन्नरवरच्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. सिन्नर आता नाशिकचं उपनगर झालंय, एमआयडीसी आहे, शेजारून समृद्धी महामार्ग गेलाय, असं असताना निम्मा लेख विडी कामगार बायकांवर घालून मी गावाला मागास ठरवलं, अशी तुमची तक्रार आहे. तुम्ही स्वतः सिन्नरचे, गावाविषयी कळकळीने लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

उपनगराचं आधी. सकाळच्या शिफ्टच्या वेळी मोहदरी घाटात थांबून बघा. नाशिककडून कंपन्यांच्या बस सिन्नरच्या माळेगाव आणि मुसळगाव औद्योगिक वसाहतींच्या दिशेने घाट चढत असतात. पोटासाठी नाशिककर सिन्नरला जातो. अशा गावाला नाशिकचं शेपूट म्हणणं मला पटत नाही. आणि यादवांच्या काळात जिथे गोंदेश्वरासारखं पंचायतन उभं राहिलं, मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना चार देवळं, त्या गावाची ओळख नाशिकपासून किती किलोमीटर एवढ्यावर का आटपावी?

आता विड्या. ही बाजू मी मुद्दाम मोठी ठेवली आणि पुन्हा लिहिलं तरी मोठीच ठेवीन. माळेगावला कारखान्यांचे भोंगे वाजायच्या कितीतरी आधीपासून सिन्नरच्या घराघरांत रोख पैसा आणला तो विडीने, आणि तो आणला बायकांनी. माझी आत्या त्यांतलीच. रात्री पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी घरचं आवरलं की मांडीवर सूप. पत्र्याच्या मापाने पान कापायचं, चिमटीत तंबाखू, बोटांनी वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. बोलता बोलता हात चालूच. मजुरी हजार विड्यांमागे ठरलेली. पण कारखान्यात माल द्यायला गेलं की तपासणारा जुड्या उलटसुलट करून छाट, म्हणजे नापास विड्या, बाजूला काढायचा. छाटीतल्या विड्यांचे पैसे नाहीत, आणि पान-तंबाखू कमी भरली तर तीही पदरची. छाट परत मिळायची नाही, हे तर मला तेव्हाही चुकीचं वाटायचं. याच मजुरीतून आतेभाऊ आयटीआय झाला आणि माळेगावला कंपनीत लागला. तुमच्या एमआयडीसीतला कामगार कुठून आला, ते या सुपात बघायला मिळतं. म्हणून तो भाग मोठा.

यात मागासपणा कुठे आला? विडी आरोग्याला वाईट, हे मी लेखात लिहिलंय आणि ती बंद झाली तर मला दुःख नाही. पण धंदा आटत जाताना या बायकांचं काय, हे कुणी विचारायचं? विडी कामगार कल्याण निधीचा कायदा 1976 चा. विड्यांवरच्या उपकरातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुलं व्हायची. जीएसटी आला आणि 2017 मध्ये तो उपकरच गेला. प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शनची किमान रक्कम 2014 मध्ये 1000 रुपये ठरली, ती आजवर तेवढ्यावरच. चाळीस वर्षं वळून बोटं वाकडी झालेल्या बाईला महिन्याला हजार रुपये. याचा राग मला आहे, आणि तो लेखात दिसला असेल तर दिसू दे.

समृद्धीबद्दल. रस्ता चांगला झाला, दुमत नाही. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी आणि जून 2025 मध्ये शेवटचा टप्पा, असा 701 किलोमीटर पूर्ण झाला. सिन्नरजवळ गोंदे गावी महामार्गावर चढ-उताराची सोयही आहे. पण गाडी सिन्नर तालुक्यातून ताशी शंभरने निघून गेली म्हणजे सिन्नरला काही मिळालं, असं होत नाही. गुळवंचचा 1350 मेगावॅटचा वीज प्रकल्प आठवा. जमिनी गेल्या, धुराड्या उभ्या राहिल्या आणि सगळं वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना विचारल्याशिवाय मी तरी अशा कुठल्या घोषणेला गावाची प्रगती म्हणणार नाही. एमआयडीसीचं तसं नाही. तिथे माणसं रोज कामाला जातात, म्हणून तिच्यावर लेखात तीन परिच्छेद आहेत.

एका गोष्टीत मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत : पाणी. पूर्वेकडे वावी, पांगरीच्या पट्ट्यात पाऊस दगा देतो आणि तालुक्याचं बरंचसं राजकारण त्याच्याभोवती फिरतं. पुढचा लेख तालुक्यातल्या देवनदीवरचा आहे. नदीचं पाणी वळवणारे ब्रिटिश काळातले वळणबंधारे आणि त्यांचे पाट, जे मोटारीशिवाय नुसत्या उताराने शेतात पाणी नेतात, ते गाळाने बुजले होते. लोकांनी उकरून पुन्हा वाहते केले. लोणारवाडी, वडगावच्या बाजूला पाळीने पाणी सोडणारं जुनं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर कळवा. पाळी कशी ठरायची, भांडण झालं तर कोण सोडवायचं, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.