‘डिमेन्शिया झालेल्याला दुखत नाही’: फिरत्या मजकुरातल्या पाच चुका

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाला वेदना फारशा जाणवत नाहीत. चिडचिड वाढली तर झोपेची गोळी पुरे. पेनकिलर सगळ्याच किडनी घालवतात, म्हणून म्हाताऱ्यांना देऊच नयेत. आठवणीच्या गोळ्या म्हणजे नुसता खर्च, त्या बंद करा. आणि मॉर्फिन सुरू झालं की माणूस संपला.

हे वाचून औषधं बंद करणारी घरं आहेत, आणि ज्याला त्याची झळ बसते त्याला तक्रारसुद्धा करता येत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘त्यांना दुखत नाही’

दुखतं, सांगता येत नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी २००६ मध्ये अल्झायमरच्या (हा डिमेन्शियाचाच एक प्रकार) रुग्णांना वेदनादायक दाब देऊन एमआरआयवर मेंदूचा प्रतिसाद पाहिला. तो निरोगी वृद्धांपेक्षा कमी नव्हता. आजारात हरवतं ते वेगळंच: नेमकं कुठे दुखतंय हे ओळखणं, त्यासाठी शब्द सापडणं, रात्री दुखलं होतं हे सकाळी आठवणं. त्यामुळे खुर्चीत शांत बसलेल्या आजींना ‘दुखतंय का?’ विचारून ‘नाही’ उत्तर आलं, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

पाहायचं ते हालचालीच्या वेळी: अंघोळ घालताना, बाही चढवताना, कूस बदलताना, खुर्चीतून उठवताना. २००३ पासून वापरात असलेल्या ‘पेनॅड’ या वेदनेच्या मोजपट्टीत पाच गोष्टी पाहतात: श्वास, तोंडातून निघणारे आवाज, चेहरा, शरीराचा ताठरपणा किंवा झटकणं, आणि समजूत घातल्यावर शांत होतात की नाही. प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण १०; गुण जास्त म्हणजे वेदना जास्त. ‘सदऱ्यात उजवा हात घालताना कपाळाला आठ्या, हात मागे ओढला, कण्हले: ५’ अशी वहीतली एक ओळ डॉक्टरांना ‘हल्ली फार त्रास देतात’ या वाक्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते. गोळी देण्याआधी आणि दिल्यावर तासाभराने, तीच हालचाल करताना गुण लिहावेत.

आणखी एक गोष्ट या दाव्याच्या नेमकी उलट जाते. गोळीचा थोडा परिणाम ‘औषध घेतलंय, आता बरं वाटेल’ या अपेक्षेतून येतो. इटलीतल्या फाब्रित्सिओ बेनेडेट्टी यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं, की अल्झायमरमध्ये मेंदूच्या पुढच्या भागाचे जोड कमकुवत झाले की हा वाटा नाहीसा होतो. म्हणजे तेवढ्याच औषधाने या रुग्णांना आराम कमी पडू शकतो.

‘चिडचिड वाढली की झोपेची गोळी’

पश्चिम नॉर्वेतल्या १८ शुश्रूषागृहांत डिमेन्शिया आणि अस्वस्थपणा असलेल्या ३५२ जणांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामकं दिली; बहुतेकांना पॅरासिटामॉलच, दिवसाला ३ ग्रॅमपर्यंत. अस्वस्थपणा सरासरी १७ टक्क्यांनी उतरला. हात उगारणारे आजोबा अनेकदा खांद्याच्या दुखण्यामुळे हात उगारत असतात.

चिडचिड शमवायला दिली जाणारी रिस्पेरिडोन, क्विटियापिन यांसारखी मनोविकारांवरची औषधं डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढवतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) २००५ मध्येच दिला आहे. कधीकधी ती द्यावीच लागतात, पण सर्वांत कमी मात्रेत, थोड्या काळासाठी. त्याआधी दुखणं, तुंबलेलं पोट, अडकलेली लघवी, किडका दात आणि लघवीचा जंतुसंसर्ग तपासून झालेले असावेत. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने अंग एकदम आखडून जीवावर बेतू शकतं.

‘सगळ्या पेनकिलर किडनी घालवतात’

इथे दोन वेगळ्या जातींची औषधं एकत्र केली आहेत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही औषधं शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार होणं रोखतात. त्याने सूज आणि दुखणं उतरतं, पण जठराच्या अस्तराचं रक्षण आणि किडनीत रक्त आणणारी वाहिनी रुंद ठेवणं ही कामंही प्रोस्टाग्लँडिनच करतं. वृद्ध माणूस रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन घेत असेल, जोडीला लघवी वाढवणारी गोळी असेल आणि त्यात डायक्लोफेनॅकची भर पडली, तर किडनी काही दिवसांत बसू शकते. उन्हाळ्यात किंवा जुलाब लागल्यावर हा धोका आणखी वाढतो. मजकुरातली भीती या गोळ्यांपुरती रास्त आहे.

पॅरासिटामॉलचं काम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत चालतं. योग्य मात्रेत ते जठराला आणि किडनीला फारसं त्रासदायक नाही. जास्त झालं तर यकृत जातं. धडधाकट प्रौढाला २४ तासांत कमाल ४ ग्रॅम, म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या. वजन ५० किलोच्या खाली असेल, जेवण सुटलं असेल, यकृताचा आजार किंवा रोजचं मद्यपान असेल, तर डॉक्टर ही मर्यादा २ ते ३ ग्रॅमवर आणतात. गडबड होते ती न कळत दुप्पट झाल्याने: कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनसोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही ते असतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून बेरीज करावी.

चिठ्ठीवर ‘लागेल तेव्हा’ लिहिलेलं असतं, ते डिमेन्शियात चालत नाही. जो मागू शकत नाही त्याला ती गोळी कधीच मिळत नाही. ठरलेल्या वेळी, दोन मात्रांत किमान चार ते सहा तास ठेवून देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं.

‘आठवणीच्या गोळ्या म्हणजे खर्च’

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही औषधं ॲसिटिलकोलीन हे चेतापेशींमधलं निरोप्या रसायन मोडणारं विकर (एन्झाइम) अडवतात, त्यामुळे उरलेल्या चेतापेशींना ते रसायन जास्त वेळ मिळतं. मेमँटिनचं काम वेगळं, ते ग्लूटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचा अतिरेक आवरतं. यांतलं कुठलंही औषध पेशी मरणं थांबवत नाही. पण लक्ष, बोलणं, कपडे घालणं काही काळ टिकून राहणं हाही फायदाच. ब्रिटनमध्ये मध्यम ते तीव्र अल्झायमर असलेल्यांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोनेपेझिल बंद केलेल्यांची घसरण चालू ठेवलेल्यांपेक्षा जास्त झाली. डिमेन्शियाच्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात मात्र डोनेपेझिलचा उपयोग नाही, कधी त्रास वाढतो.

नाडी मंदावणं, भोवळ, वजन उतरणं ही औषध थांबवण्याची खरी कारणं आहेत. एरवी थांबवायचंच ठरलं, तर १० वरून ५ मिलिग्रॅम करून साधारण महिन्याने बंद करतात, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

‘गुण नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा दुसरी गोळी असते. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, पोटातल्या कळांसाठी डायसायक्लोमिन, सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन ही औषधं ॲसिटिलकोलीनलाच अडवतात. एका गोळीने वाढवायचं आणि दुसरीने अडवायचं, असा प्रकार होतो. सगळी औषधं एकाच पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावीत.

रिव्हास्टिग्मिनच्या कातडीवर चिकटवायच्या पॅचबाबत एक काळजी: जुना काढल्याशिवाय नवा लावू नये. पाठीवर दोन-तीन पॅच राहून गेल्याने मृत्यू झाले आहेत. जागा रोज बदलावी, तीच जागा १४ दिवस वापरू नये. तीनपेक्षा जास्त दिवस खंड पडला तर पुन्हा ४.६ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी लागते.

‘मॉर्फिन म्हणजे शेवट’

तीव्र वेदनेसाठी, कमी मात्रेपासून हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन आयुष्य तोडत नाही. ते मिळण्यात कायद्याची अडचण मोठी होती, ती अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने बरीच सैल झाली. वृद्धांना सुरुवात साधारण अडीच मिलिग्रॅमपासून होते, किडनी कमजोर असेल तर आणखी जपून. बद्धकोष्ठता होतेच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. हाक मारूनही जाग येत नसेल आणि श्वास फार मंद झाला असेल, तर पुढची मात्रा थांबवून लगेच दवाखाना गाठावा. दीर्घकाळ असर करणारी मॉर्फिनची गोळी कुटून भातात कालवू नये. बारा तासांचं औषध एकदम रक्तात उतरतं. गिळता येत नसेल तर साधी गोळी किंवा पातळ औषध मिळेल का, हे डॉक्टरांना विचारावं.